गाऱ्हाणे आणि त्याचे गणगोत

'गाऱ्हाणे' हा शब्द आधी नुसता डोळ्यांनी पाहावा. त्याच्या मधोमध, 'हा'ला डावीकडून बिलगलेली, अर्ध्या 'र'ची एक बारीक वळणदार रेघ आहे. ही रेघ मराठीने जिवापाड जपली आहे. वऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, असे तिचे सगळे गोत एका ओळीत उभे करून मोठ्याने वाचले की आपल्या ध्यानात येते, की या अर्ध्या 'र'ला 'ह'चा सोबती मिळाला म्हणजे शब्दाच्या मध्यावर श्वास क्षणभर मोकळा सुटतो. रफारातला 'र' आधीच्या अक्षरावर भार टाकतो. हा 'र' तसा भार टाकत नाही. 'दर्या' म्हणताना 'द'ला ठेच लागते आणि 'दऱ्या' म्हणताना लागत नाही. 'आचार्यांना' बोलावले तर शास्त्रार्थ होतो आणि 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाक. 'गाऱ्हाणे' उच्चारताना 'गा' लांबवावा, मग त्या अर्ध्या 'र'वरून घसरत 'हा'पाशी सुस्कारा सोडावा आणि 'णे'वर येऊन टेकावे. या शब्दात तोंड उघडते, उसासा येतो आणि बोलणे संपते. एखाद्याने मनातली व्यथा बोलून दाखवावी तो सारा क्रम या तीन अक्षरांत उच्चारानेच पार पडतो. मराठी कानाला त्यात 'गाणे'ही ऐकू येते, आणि म्हणूनच असेल, आपण गाऱ्हाणे जसे सांगतो तसे ते 'गातो'ही.

या शब्दाचे मूळ मात्र इतके मऊ नाही. व्युत्पत्तिकार त्याचा संबंध संस्कृतातल्या 'गर्ह्' या धातूशी जोडतात. गर्ह् म्हणजे दोष देणे, निंदा करणे. जे निंदेला पात्र ते गर्हणीय. 'गर्हा' म्हणून पाहावे: 'ग'वर आघात, डोक्यावर रफार, सगळा आवाज बोट उगारल्याचा. या धातूचा एक सुंदर मुक्काम जैन साधनेत आहे, आणि तिथे थोडे थांबण्यासारखे आहे. प्रतिक्रमणात, म्हणजे स्वतःच्या वर्तनाची उजळणी करताना, साधक स्वतःची निंदा करतो आणि गर्हाही करतो. प्राकृतात ती 'गरिहा' होते. निंदा आणि गर्हा यांत परंपरेने जो भेद केला आहे तो मनात ठेवावा असा आहे. आपल्या दोषाबद्दल मनातल्या मनात हळहळणे ही निंदा; तेच गुरूंच्या साक्षीने, त्यांच्यासमोर बोलून दाखवणे ही गर्हा. म्हणजे दोन्हींत दुःख एकच, दोषही तोच. फरक पडतो तो ऐकणारा समोर असण्याने. शतकांच्या वाटचालीत रफाराची धार बोथट झाली, 'ग'चा 'गा' झाला, दोष देण्याचे गाऱ्हाणे सांगण्यात रूपांतर झाले, पण ऐकणाऱ्याची ही गरज या शब्दाने टाकली नाही. एकट्याने कुढता येते, चरफडता येते, झुरता येते. गाऱ्हाण्याला मात्र दुसरे माणूस लागते, किंवा देव.

आणि हे गाऱ्हाणे आपण 'घालतो'. मराठीत काय काय घातले जाते याची आपण एकदा मौजेने उजळणी करावी. हार घालतो, साद घालतो, गळ घालतो, लोटांगण घालतो, कोडे घालतो, जेवायला घालतो. देवाला साकडे घालतो. हे साकडे म्हणजे मुळातले 'संकट', आणि संकट म्हणजे आधी अरुंद जागा, जिथे अंग वळवायलाही वाव नाही अशी. त्या अरुंदीतून माणूस जे घालतो ते साकडे. या सगळ्या घालण्यांत एक दिशा आहे: आपल्याकडून निघून दुसऱ्याच्या ठायी काहीतरी ठेवणे. गोष्ट कोणाला कळवायची तर ती 'कानावर घालायची'. कोणाला संरक्षण द्यायचे तर 'पाठीशी घालायचे'. आणि कोणाचा अपराध क्षमा करायचा तर तो 'पोटात घालायचा'. कान, पाठ, पोट: एकाच क्रियापदाने मराठी माणूस ऐकणाऱ्याचे सारे शरीर कामाला लावतो. गाऱ्हाणे आधी कानावर पडावे, मग ज्याने ते घातले त्याला पाठीशी घ्यावे, आणि त्याचे स्वतःचे काही चुकले असेल तर ते पोटात जावे, असा सगळा प्रवास भाषेने आधीच आखून ठेवला आहे. 'करणे' या सरसकट क्रियापदाने ही दिशा दाखवली नसती.

हा प्रवास डोळ्यांनी पाहायचा तर तळकोकणात किंवा गोव्यात जावे, रवळनाथाच्या, सातेरीच्या, वेतोबाच्या देवळात, जिथे 'गाऱ्हाणे' हा आजही एक विधी आहे. जत्रा असो, शिमगा असो, नांगरणीचा आरंभ असो की घरातले लग्न. गुरव किंवा गावचा मानकरी देवासमोर उभा राहतो, मागे गावकरी हात जोडून उभे. तो कागद पाहून वाचत नाही. शब्द त्याला पाठ आहेत आणि तरीही ते दर वेळी त्या प्रसंगापुरते नवे होतात. साधारण असे: "बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इलीसत. कोणाचा काय चुकला-माकला आसात, वाकडा पाऊल पडला आसात, ता पोटात घाल. जे चाकरमानी लांब मुंबयक ऱ्हवतत तेंची राखण कर, लेकराबाळांक, गुराढोरांक सुखी ठेव रे म्हाराजा!" आणि मागून सगळ्यांचा एक आवाज येतो: "व्हय म्हाराजा!"

या 'व्हय म्हाराजा'वर जरा रेंगाळू. विनंती देवाला आहे, पण होकार माणसे देताहेत. देव बोलणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून गाऱ्हाणे अधांतरी राहू नये याची काळजी गाव घेते. प्रत्येक वाक्याला साक्षीदार मिळतो, एकाचे मागणे सर्वांचे होते. शिवाय यात तक्रार म्हणावी अशी गोष्ट कुठे आहे? पीक बुडाले, वाट अडली, घरात दुखणे शिरले, भावकीत वाकडे आले, हे सारे असते. पण ते देवाच्या माथी दोष म्हणून मारलेले नसते. उलट 'चुकला-माकला' आधी स्वतःच्याच पदरी घेतलेले असते. जो धातू दोष देण्यासाठी जन्मला त्याने कोकणच्या मातीत येऊन दोष स्वतःकडे घेतला आणि देवाकडे फक्त सांभाळ मागितला. जैन साधकाची गुरूंसमोरची गरिहा आणि मालवणी मानकऱ्याचे रवळनाथासमोरचे गाऱ्हाणे यांच्यात काळाचे आणि पंथाचे केवढे अंतर आहे! तरीही दोघे आपले चुकलेले दुसऱ्याच्या कानावर घालतात, हे पाहिले की शब्दांच्या रक्तात काय काय टिकून राहते याचे नवल वाटते.

देव बोलत नाही असे म्हटले, पण ते सर्वस्वी खरे नाही. याच देवळांत 'कौल' घेतला जातो. पाषाणाला वा मूर्तीला ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि पाहत राहतात. उजवीकडचे आधी पडले तर उजवा कौल, डावीकडचे पडले तर डावा. आता 'कौल' हा शब्द अरबी. त्याचा अर्थ बोलणे, शब्द, वचन. राजवटींच्या कारभारात रयतेला अभय देणारा 'कौलनामा' असे, आणि निवडणुकीत आज आपण जनतेचा कौल म्हणतो तो हाच. म्हणजे रवळनाथाच्या गाभाऱ्यात प्रश्न संस्कृत वंशाचा आणि उत्तर अरबी वंशाचे. दोन दूरदेशीचे शब्द एका पाषाणासमोर येऊन एकमेकांना पुरे करतात आणि पुजाऱ्याला किंवा गावकऱ्याला त्यात काहीच परके वाटत नाही. मराठीच्या घरात असे पाहुणे कधीच घरचे होऊन गेलेले आहेत.

गाऱ्हाण्याचे दुसरे मोठे स्थान म्हणजे यशोदेचे अंगण. भागवताच्या दशम स्कंधातल्या आठव्या अध्यायात गोपी तिच्याकडे येतात आणि तिच्या मुलाचे प्रताप सांगतात. तो अवेळी वासरे सोडतो; रागावले तर हसतो; दही-दूध चोरतो आणि स्वतः खातो ते खातो, वर माकडांना वाटतो; माकडांनीही नको म्हटले तर मडकी फोडतो; काही हाती लागले नाही तर चिडून निजलेल्या लेकरांना रडवून जातो. शिंके उंच असेल तर पाट आणि उखळ रचून वर चढतो, अंधाऱ्या खोलीत शिरतो तर अंगावरच्या रत्नांचाच उजेड पाडतो. आता ही यादी आपण पुन्हा एकदा सावकाश वाचू. नुकसान झालेल्या माणसाचे लक्ष इतके बारीक असते का? ज्याचे लोणी गेले तो लोण्याचे माप सांगेल. या बाया मात्र चोराच्या अंगावरच्या रत्नांचा उजेड सांगताहेत. त्या बोलताना त्याच्या भेदरलेल्या डोळ्यांकडे पाहत असतात आणि यशोदेला हसू येते, तिच्याने रागावणे होत नाही. गाऱ्हाणे हे निमित्त आहे. मूळ काम त्याला पाहायला येणे. तक्रारीच्या तोंडून कौतुक वदवून घेण्याची ही तऱ्हा मराठीने इतकी आपलीशी केली की एकनाथांच्या गौळणींपासून तमाशातल्या गणानंतरच्या गवळणीपर्यंत, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बाया आणि त्यांची वाट अडवणारा कान्हा यांचे हे लटके भांडण कधी जुने झाले नाही. संस्कृत साहित्यशास्त्र याला 'उपालंभ' म्हणते, म्हणजे प्रेमातला ठपका.

त्याच अध्यायात पुढे लगेच दुसरी तक्रार आहे, आणि ती मोठ्यांची नव्हे, मुलांची आहे. बलराम आणि इतर गोपबाळ धावत येऊन सांगतात की कृष्णाने माती खाल्ली. ही चहाडी. गाऱ्हाण्यात स्वतःचे दुखणे असते, चहाडीत दुसऱ्याचे लक्तर. कागाळी आणि चुगली याच घरातल्या, आणि यांतली एकही प्रतिष्ठित नाही. पण पाहा, गोपींच्या एवढ्या रसाळ गाऱ्हाण्याने यशोदेला फक्त हसू आले, आणि पोरांच्या एका क्षुद्र चहाडीने तिला विश्वदर्शन झाले! कृष्ण म्हणतो की हे सगळे खोटे बोलताहेत, माझे तोंड पाहा. आणि उघडलेल्या त्या मुखात तिला आकाश, दिशा, पर्वत, समुद्र, आपले गोकुळ आणि त्यात स्वतः ती दिसते. चहाडीचा इतका गौरव जगाच्या वाङ्मयात दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

मुलांच्या तक्रारीविषयी बोलतोच आहोत तर मराठी शाळेच्या वर्गातले एक वाक्य इथे नोंदवायला हवे: "बाई, हा बघा ना!" यात आरोप नाही, पुरावा नाही, कसली मागणीही नाही. 'हा' कोण ते बोटाने दाखवायचे, त्याने काय केले ते बाईंनी ओळखायचे. उरतो तो 'बघा' आणि त्याच्या शेपटीला लावलेला 'ना'. या 'ना'त नकार नाही, आर्जव आहे. घरी तोच "आई, बघ ना गं" होतो आणि 'गं'मुळे त्यात आणखी थोडे ओले रडू मिसळते. तक्रारीतले सगळे तपशील गाळून टाकले तर शेवटी जे शिल्लक राहते ते हेच, माझ्याकडे लक्ष दे. पाच वर्षांचे मूल ते एका क्रियापदात आणि एका अव्ययात सांगून मोकळे होते.

हेच मूल पंढरपुरात मोठे होते. वारकरी संतांनी विठ्ठलाशी जे नाते जोडले त्यात स्तुती आहे तेवढेच भांडण आहे. नामदेव लेकराच्या हट्टाने रुसतात, जनाबाई त्याला खडसावते, तुकोबा त्याच्याकडे उधारीचा हिशेब मागतात. गाथेत 'करुणापर' म्हणून ओळखले जाणारे अभंग आणि रामदासांची करुणाष्टके यांतून मराठी मनाने देवापुढे व्याकूळ होण्याची एक भाषाच घडवली. रुसता येते ते हक्काच्या माणसावर. परक्यावर फार तर रागावता येते. विठ्ठलाला 'विठाई माउली' म्हटल्याबरोबर त्याच्यापाशी कुरकुरण्याचा अधिकार आपोआप मिळाला.

पण सगळीच गाऱ्हाणी अशी गोड नव्हती, आणि रसिकपणाच्या भरात तो कडू रस टाळणे योग्य होणार नाही. चोखामेळ्याला त्याच विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्याच्या अभंगांत आर्त आहे, शरणभाव आहे, आणि तरीही जन्माने लादलेल्या हीनपणाविषयीचा सवाल पुन्हापुन्हा डोके वर काढतो. त्याचा मुलगा कर्ममेळा आणखी पुढे जातो. त्याच्या अभंगांत गाऱ्हाण्याचा मऊपणा उरत नाही, तिथे देवालाच जाब आहे. 'गाऱ्हाणे' पुन्हा आपल्या मूळ धातूकडे, त्या उगारलेल्या बोटाकडे, वळताना इथे दिसते. ज्यांचे गाऱ्हाणे कोणाच्या कानावर घालण्याचीही सोय नव्हती त्यांच्यासाठी मराठीत 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' अशी म्हण आहे. तिच्यातले क्रौर्य बुक्क्यांत आहेच. पण दाबलेल्या तोंडात ते अधिक आहे. पुढे १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांच्या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याचे नाव ठेवले होते 'मूकनायक'. मुक्यांचा नायक. शतकानुशतके ज्या गाऱ्हाण्याला कान मिळाला नव्हता, त्याने आता छापखाना मिळवला होता.

बायकांनी यावर आपल्यापुरता एक उपाय फार आधी शोधला होता. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून, सासू-सासरे जागे व्हायच्या आत, त्या ओव्या गात. हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हा मराठीवर मोठाच उपकार आहे. या ओव्यांत बोलणे बहुधा 'बया'शी, म्हणजे दूर असलेल्या आईशी, नाहीतर भावाशी असते. सासुरवास सांगायचा आहे, पण भाऊ भेटायला आला की त्याला वाईट वाटेल म्हणून लपवायचाही आहे, असा पेच अनेक ओव्यांत येतो. ज्याला सांगायचे त्यालाच सांगायचे नाही. म्हणून ते जात्याला सांगायचे. जात्याच्या घरघरीत शब्द झाकले जातात आणि घरघरीमुळेच ते गाता येतात. गाऱ्हाण्यातले गाणे इथे अक्षरशः खरे होते.

आता देवळातून आणि माजघरातून निघून कचेरीत जाऊ. तिथले वाण वेगळे आहे: तक्रार, फिर्याद, नालीश, अर्ज, कैफियत. हे सगळे अरबी-फारसी मुलखातून आलेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. त्यांतले काही रुजले, पण न्यायाच्या आवारातली ही मंडळी हटली नाहीत. 'फिर्याद' म्हणजे मुळात आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. 'नालीश' म्हणजे विव्हळणे. आज पोलीस ठाण्यात 'फिर्यादी' म्हणून ज्याचे नाव लिहिले जाते तो शब्दार्थाने 'आक्रोश करणारा' असतो. शाईने, नियमाने, कलमाने तो आक्रोश घडी घालून ठेवलेला असतो. मराठा काळच्या निवाड्यांत दोन्ही पक्षांची नावे मात्र संस्कृत, तीही पाहा: आधी दावा मांडणारा तो अग्रवादी, त्याला उत्तर देणारा पश्चिमवादी. एकाला दिवसाचा पुढचा भाग आणि दुसऱ्याला मागचा दिल्यासारखी ही जोडी. आणि 'कैफियत' या शब्दाच्या पोटात अरबी 'कैफ' आहे, म्हणजे 'कसे'. कैफियत मांडणे म्हणजे कसे कसे घडले ते सांगणे. ज्याला कैफियत मांडू दिली जाते त्याच्यावर विश्वास ठेवला जाईलच असे नाही, पण 'कसे' हा प्रश्न तरी त्याला विचारला गेलेला असतो.

या साऱ्यांत 'तक्रार' हा सर्वांत घरगुती झालेला शब्द, आणि त्याचे मूळ सर्वांत खोडकर. अरबीत 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा. फारसीत तो अर्थ तसाच राहिला. हिंदी-उर्दूत 'तकरार' झाली ती वादावादी, कारण वादात माणसे तेच तेच बोलतात. मराठीत मात्र ती सरळ गाऱ्हाण्याच्या शेजारी येऊन बसली. ज्याने कधी सरकारी कचेरीच्या खिडकीशी फेऱ्या घातल्या आहेत त्याला या अर्थांतराचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. पहिल्यांदा सांगतो ती माहिती, तिसऱ्यांदा सांगतो ती तक्रार. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'तक्रार निवारण' हा जोडशब्द घराघरात पोहोचवला, त्याआधी बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीने मराठी माणसाला पावती जपून ठेवायला शिकवले. आणि वजनात मारणाऱ्या दुकानदारापुढे मुकाट मान खाली घालणारा माणूस 'तक्रारदार' झाला. या 'दार'कडेही पाहावे. जहागीरदार, वतनदार, इनामदार यांच्या पंक्तीत तक्रारदार बसतो. ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याच्याकडे निदान एक तक्रार आहे, आणि ती बाळगण्याचा त्याला मान आहे.

पुनरावृत्तीचा मूळ अर्थ आणखी एका ठिकाणी चमकून जातो. डॉक्टर विचारतात, "काय तक्रार आहे?" आणि आपण आपल्या पोटाविरुद्ध, गुडघ्यांविरुद्ध, झोपेविरुद्ध साक्ष देऊ लागतो. पोट एकदा दुखले तर दुखणे. दर पंधरवड्याला दुखू लागले की 'पोटाची तक्रार'. वाक्यरचना मोठी गमतीची आहे, कारण पोटाची तक्रार म्हणजे पोटाविषयीची की पोटाने केलेली, हे षष्ठीचा प्रत्यय सांगत नाही. कदाचित दोन्ही. आणि याच्या नेमक्या उलट टोकाला वय झालेला एखादा तृप्त माणूस म्हणतो, "माझी कशाबद्दल तक्रार नाही." संपूर्ण आयुष्याला दिलेली एवढी मोठी पावती इतक्या साध्या नकारात मावते.

ज्यांना ऐकणारा नको असतो, अशा तक्रारींचाही एक मोहल्ला मराठीत आहे, आणि तो सगळा ध्वनींनी बांधलेला आहे. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट, धुसफूस, तणतण, कुरबूर. यांना व्युत्पत्ती नाही, कान आहेत. कुरकुर खाटेची, नव्या वहाणांची आणि जावयाची. किरकिर तान्ह्या मुलाची, दात येताना. पिरपिर श्रावणातल्या पावसाची, जो धड कोसळतही नाही आणि थांबतही नाही. भुणभुण कानाशी घोंगावणाऱ्या डासाची. धुसफूस बंद दाराआड, तणतण भांडी आपटत. कुरबूर दोन भावांत, दोन पक्षांत, दोन देशांच्या सीमेवर. प्रत्येक शब्दात एकच तुकडा दोनदा येतो, किंवा थोडा बदलून येतो. म्हणजे अरबीने 'तक्रार' या शब्दात अर्थाने जे सांगितले ते मराठीने इथे आवाजानेच करून दाखवले. आणि या मोहल्ल्यात एक आनंदाची खिडकीही आहे. 'कुरकुर' त्रासाची, पण 'कुरकुरीत' चकलीची. तोच ध्वनी दाताखाली आला की सुख, आणि कानाशी आला की ताप.

गाऱ्हाणे, तक्रार, फिर्याद, कुरकुर हे सगळे सांगणाऱ्याच्या बाजूचे शब्द झाले. ऐकणाऱ्याच्या बाजूचा एक शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता: 'दाद'. फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून अन्याय झालेला माणूस दाद मागतो आणि राज्य नीट चालत असेल तर त्याची दाद लागते. जिथे ते चालत नाही तिथे 'ना दाद ना फिर्याद', अशी दोन फारसी शब्दांची शुद्ध मराठी कुचंबणा उभी राहते. पण याच शब्दाला मैफलीत नेऊन बसवा. गवयाने समेवर अवचित येऊन दाखवले की श्रोत्यांतून 'वा!' येते, ती दाद. न्यायाधीशाने द्यायची ती दाद आणि रसिकाने द्यायची तीही दाद. एकाने चुकलेले ओळखायचे, दुसऱ्याने साधलेले. पण दोघांनाही आधी मन एकवटून ऐकावे लागते, ऐकलेल्यातला नेमका ठाव शोधावा लागतो आणि मग ज्याचे त्याच्या पदरात घालावे लागते. आणि हट्टी दार, अडलेले यंत्र, निगरगट्ट अधिकारी हे 'दाद देत नाहीत' म्हणताना आपण याच गुणाच्या अभावाबद्दल बोलतो.

पावसाने झोडपले आणि राजाने मारले, तर दाद कोणाकडे मागायची, अशी आपली एक म्हण आहे. वरवर तिच्यात निराशा आहे. आभाळावर खटला नाही आणि सिंहासनावर तर नाहीच. पण ही म्हण कोण कोणाला म्हणतो ते पाहिले पाहिजे. ओट्यावर बसलेला एक शेतकरी शेजारच्या शेतकऱ्याला म्हणतो, आणि तो मान हलवून म्हणतो, "खरं आहे बाबा." दाद कुठेच मिळत नाही असे सांगणाऱ्याला त्याच क्षणी थोडी दाद मिळालेली असते. नुकसानभरपाई तिने होत नाही, हे त्या दोघांनाही कळते. उद्या दोघे तालुक्याला जाऊन अर्जही देतील, आणि द्यायलाच हवा. पण त्या अर्जाची भाषा आजच्या या मान हलवण्यातूनच सुरू होते. न्यायाला आणि रसिकतेला एकच शब्द मिळाला याचा उलगडा मला इथे होतो. कचेरीत असो, मैफलीत असो की ओट्यावर, दाद देणाऱ्याचे पहिले काम समोरच्याचे बोलणे मध्येच न तोडता पुरते ऐकून घेणे हेच असते.